सात नंबरचं कार्ड

३ डिसेंबर २०१८, चिखली

आले एकदाची! पुण्यापासून एसटीने हाडं खिळखिळी केली, पण जिनिंग कारखान्याच्या आवारात बीटी कापसाचे ढीग पाहिले आणि शीण पळाला. मालक पंजाबरावांनी पहिल्याच घासाला विचारलं, पोरी, झुणका झेपते ना? झेपला, दोनदा वाढून घेतला. इथला सर्व्हर फार रेंगाळतो. तो पळता करून द्यायला मला बोलावलंय.

५ डिसेंबर

रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, गाठ दाबायची पेटी लोखंडी, माणूसभर खोल. कोपऱ्यात अडकलेली रुई तुडवायला मोतीराम आत उतरतो. पूर्वी वर आला की "निघालो!" म्हणून ओरडायचा, मगच प्रेसवाले रहेमतुल्लाचाचा दांडा ओढायचे. आता ओरडण्याऐवजी कार्ड आहे. मोतीरामचं सात नंबर. वर येऊन पेटीबाहेरच्या कार्ड वाचणाऱ्या यंत्राला टेकवलं की सर्व्हर प्रेस खाली आणतो. दांडा अडीअडचणीपुरता.

घोटाळा असा, की कार्ड टेकेपर्यंत सर्व्हर हाताची घडी घालून उभा. सिंक्रोनस काम! तोवर वजनकाटाही बंद आणि ट्रॅक्टर ताटकळलेले. मी ते असिंक्रोनस करणार. कॉलबॅक लिहायचा, म्हणजे कार्ड टेकल्याचं उत्तर आल्यावर काय करायचं ते सर्व्हरला आधीच सांगून ठेवायचं. तोवर त्याने बाकीचं उरकावं. चाचांनी बजावलं, "बेटा, आवाज आल्याबगर प्रेस हालली नाई पाह्यजे." मला हसू आलं. म्हातारा फारच भित्रा आहे.

७ डिसेंबर

जमलं! रिकाम्या पेटीवर दहा वेळा चालवून पाहिलं. काटा धावतोय, मालक खूश. मोतीरामच्या बायकोनं, अंबूबाईनं, माझ्यासाठी ठेचा पाठवला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी सगळा संपवला.

८ डिसेंबर

मोतीराम मेला.

आत होता, आणि प्रेस खाली आली. एकच किंकाळी, मग हाडं मोडल्याचा आवाज, मग पेटीच्या फटींतून रक्त. गाठ फोडून त्याला काढावं लागलं. एका तुकड्यात निघाला नाही.

चूक माझी. प्रेस चालवायची कोडची ओळ कॉलबॅकच्या आत हवी होती. माझ्याकडून ती त्याच्या खाली राहिली. सर्व्हरने विचारलं, आणि उत्तरासाठी न थांबता पुढची ओळ चालवली. रिकाम्या पेटीत हे कळणार कसं? तिथे कार्ड मी लगोलग टेकवत होते.

पोलीस यायच्या आत ओळ जागेवर नेली. जबाबात सांगितलं, चाचांनी दांडा ओढला.

९ डिसेंबर

सकाळी मोतीरामला जाळलं. सात नंबरचं कार्ड त्याच्या मुठीत रुतलं होतं, ते तसंच जळालं. परतताना त्याच्या भावकीनं, पोलिसांनी चौकशी करून सोडलेल्या चाचांना जिनिंगच्या फाटकात गाठलं. सळईनं दोन्ही हातांची बोटं ठेचली. मी ऑफिसच्या खिडकीतून पाहत होते. एक शब्द बोलले असते तर थांबले असते ते. नाही बोलले. मला माझीच किळस येते.

११ डिसेंबर

जिनिंग बंद, पेटी रिकामी. भर दुपारी प्रेस आपोआप खाली गेली. वर आली तेव्हा खालून रक्त गळत होतं. ताजं. सर्व्हरच्या नोंदीत एकच ओळ:

सात नंबर, निघालो.

१२ डिसेंबर

सात नंबर यादीतून पुसला. तरी — आज तीनदा. जेवण जात नाही. रक्ताचा वास केसांत —

१३ डिसेंबर, सकाळी

जिनिंग आज पुन्हा सुरू, पण मजूर पेटीत उतरेनात. निवृत्ती नावाचा मजूर म्हणाला, "म्याडम, तुमीच आंधी उतरा, मंग आमी." मालकांनीही होकाराची मान हलवली. नाही म्हटलं तर कबुलीच ती.

उतरले आहे. सगळे वरून पाहताहेत, भीती दिसू नये म्हणून वहीत डोकं घालून लिहितेय. आता कोड बरोबर आहे. बाहेर कार्ड टेकल्याशिवाय प्रेस हलत नाही. मलाही एक कार्ड दिलंय, ते माझ्याच हातात.

वरून चाचा वाकलेत. हात फडक्यात गुंडाळलेले. विचारताहेत, "खरं सांग बेटा, दांडा म्या ओढला व्हता काय?"

नाही, चाचा. चूक माझी. वर येऊन सगळ्यांसमोर सांगते, देवाशप—

बाहेर यंत्र वाजलं. चाचा म्हणताहेत, तिथे कोणीच नाही. मोबाइलवर सर्व्हरची ओळ —

सात नंबर, निघालो.

चाचा ओरडताहेत — वरून अंधार खाली — मी आत आहे, मी अजून नाही नि