सातव्या मजल्यावरची गैरहजेरी

बाळकुम, ठाणे
६ जुलै २०२५

आदरणीय आबा,
सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर तुम्ही सगळ्याला नुसतं हो म्हणता आणि ऐकू काहीच येत नाही, म्हणून पत्रच लिहिते. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवायला आणलेलं नाही, एवढं मात्र आधी बोलून घेते.

यंदा माझ्या चौथीच्या वर्गातली पोरं गळायला लागली होती. चाळींची वस्ती तोडून सगळ्यांना शाळेसमोरच्या बिल्डिंगमध्ये घरं मिळाली आणि तिथूनच बिनसलं. चाळीत एखादं पोर शाळेच्या वेळेत खेळताना दिसलं की चार बायका कान धरायच्या. आता दारं बंद, कोण घरी राहिलं ते शेजारणीलाही कळत नाही. शेवटी मी पोरांनाच कामाला लावलं. वरच्या मजल्यावरची पोरं जिन्याने उतरतात, दारं वाजवतात आणि एकेकाला गोळा करत खाली येतात. वॉचमन वैतागलाय, पण वर्ग भरला.

फक्त सातव्या मजल्यावरची सान्वी येत नाही. आई-वडील दोघं कामाला जातात, घरी आजी रंगूबाई. त्या एकदा कचरा ठेवायला बाहेर आल्या आणि मागे लॅचचं दार आपोआप बंद झालं, किल्ली आतच. संध्याकाळपर्यंत बिचाऱ्या जिन्यात बसून होत्या. तेव्हापासून नातीला सोडत नाहीत. वडील म्हणतात, असंच चालणार असेल तर दोघींना गावी धाडतो. तिकडे गेली की तिची शाळा सुटलीच समजा. तुम्ही इतकी वर्षं हेडमास्तर होतात, मी काय करू?

लोभ असू द्या. ओरडायचं असेल तर पत्रातून ओरडा.

तुमची,
दीप्ती

कल्याण
शुक्रवार, ११ जुलै, दुपार

चि. दीप्तीस सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय, वेलांट्या मात्र अजून पळतात. जिन्याची युक्ती आवडली.

आता रंगूबाई. तिथे गोड बोलून भागणार नाही. लॅच काढून साधी कडी लावायला सांग आणि त्यांना स्पष्ट सुनाव, की तुमच्या भीतीपायी पोरीचं वर्ष जातंय. म्हातारी माणसं हट्टी असतात, त्यांचं किती ऐकायचं यालाही मर्यादा आहे. आपण शिकलो म्हणून वर आलो. शाळेच्या आड येणारी सबब मी कुणाची ऐकली नाही.

इकडे ठीक. रत्नदीप आणि वैशाली सकाळीच कामावर जातात, पण त्यांची मृणाल असते सोबतीला. आत्ताच तिने चहा केला, आता गोळ्या काढून देते आहे. तुझ्यासारखीच चुणचुणीत. चौथीचं पुस्तक तिने घरीच वाचून संपवलं.

जावईबापूंना जय भीम. माया आहेच, लिहून दाखवत नाही.

तुझे,
आबा

बाळकुम
२० जुलै

आदरणीय आबा,
सविनय जय भीम.

कडी बसली, तरी सान्वी आली नाही. म्हणून मी स्वतः वर गेले. तुमचं म्हणणं थोडं मऊ करून सांगितलं. रंगूबाई चिडल्या नाहीत. मला बसवून म्हणाल्या, की दार उघडलं तरी समोर काय, तर दुसरं बंद दार. चाळीत उंबऱ्यावर बसलं की दिवसभर माणसं बोलायची, इथे सान्वी गेली की संध्याकाळपर्यंत तोंड उघडायला कारण नाही. आणि ज्या गुरुजींनी हे शहाणपण सांगितलं, त्यांनी एक दिवस असं बसून दाखवावं. चहा पिऊन खाली आले.

आता रागावू नका. तुम्ही पत्र लिहिलंत त्या शुक्रवारी दुपारी मृणाल घरी कशी? मी तिच्या बाईंना फोन केला. शाळा सुरू झाल्यापासून ती अर्धे दिवस येतच नाही म्हणे. रत्नदीपदादाला विचारलं, तर म्हणाला, आबांचं मन मोडवत नाही.

लेक असून तुम्हाला हे लिहिते आहे. तरी माया कमी करू नका.

तुमची,
दीप्ती

कल्याण
३१ जुलै

चि. दीप्तीस सप्रेम जय भीम.

तुझं पत्र वाचून राग आला. मग लाज वाटली. आयुष्यभर ज्याने शाळेसाठी लोकांशी भांडणं काढली, त्याच्याच घरातली पोर घरी बसते, आणि ती हुशार आहे म्हणून चालतं अशी मी स्वतःची समजूत घालतो. तिला थांब असं मी कधी म्हटलं नाही. ती दप्तर घेऊन निघाली की मला धाप लागायची, एवढंच. ती धाप खरी होती का, हे आता मलाही सांगता येत नाही.

सोमवारपासून मृणाल शाळेत जाते आहे. त्या दिवशी बुद्धवंदना घेतली, पेपर दोनदा वाचला, कानाचं यंत्रही लावलं. घड्याळाशिवाय काही ऐकू आलं नाही. दुपार सरता सरेना.

रंगूबाईंना सांग, त्यांचं खरं आहे. हट्टी म्हटल्याबद्दल मी माफी मागतो. तरीही त्यांनी सान्वीला पाठवावं. मीही पाठवतो आहे.

तुझे,
आबा

बाळकुम
१० ऑगस्ट

आदरणीय आबा,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र रंगूबाईंना जसंच्या तसं वाचून दाखवलं. माफीची ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली. दुसऱ्या दिवशी जिना उतरणाऱ्या पोरांत सान्वी होती. तेव्हापासून रोज येते. मधल्या सुट्टीत खिडकीशी उभी राहून बिल्डिंगकडे बघत असते. मला ते बघवत नाही, पण येते.

काल वर गेले, तर रंगूबाई दाराला खुर्ची अडकवून, दार सताड उघडं टाकून बसल्या होत्या. त्यांनी तुमच्याबद्दल एकच विचारलं, की पोरगी शाळेत गेल्यावर गुरुजी दुपारी नीट जेवतात, की तसेच बसून राहतात. मी म्हटलं, विचारून सांगते.

तेव्हा आबा, खरं काय ते लिहा. त्या वाट बघताहेत.

तुमची,
दीप्ती