नागपूर–लागोस, सरळ विमान नाही

४ फेब्रुवारी
सकाळी कणीक मळत होते, तर लागोसहून प्रमोदभाऊंचा फोन. उमरेडचे, तिथे यांच्याच खोलीत राहतात. "वैनी, घाबरू नका. दादा मिलमध्ये पडले." मेंदूत रक्तस्राव. श्वास मशीनवर. शुद्ध नाही.
मामाजींना, माझ्या सासऱ्यांना, मी नुसतं 'यांची तब्येत बरी नाही' म्हटलं.

५ फेब्रु.
जुईने मोबाईलवर पाहिलं. नागपूर ते लागोस आठ हजार कि.मी.च्या वर, विमानाने साडेदहा तास. जीव थोडा भांड्यात पडला. सकाळी निघालं की संध्याकाळी पोचतो माणूस.
मग पोरगी म्हणाली, "आई, हा नुसता हिशोब आहे वं. असं सरळ विमानच नाही."
दोनदा बदलावं लागते. माझा तर पासपोर्टही नाही. अर्ज केला.

७ फेब्रु.
मामाजींना सगळं सांगितलं. जन्मभर हातमागावर बसलेला माणूस, हाताची बोटं चोळत राहिले. मग, "काहून गेला वं एवढ्या दूर?"
यांची इथली बुटीबोरीची मिल बंद पडली म्हणून. त्यांनाही माहीत आहे.

१० फेब्रु.
कंपनी यांना आणून द्यायला तयार! लहान विमान, सोबत डॉक्टर. पण तेलासाठी मध्ये दोनदा उतरणार, म्हणजे साडेदहा तासांच्या कितीतरी वर.
तरी तोंड धुतलं, केस विंचरले. यांची खोली झाडली.

११ फेब्रु.
रिपोर्ट घेऊन रामदासपेठेत गेलो, मेंदूच्या डॉक्टरांकडे. चांगले आहेत, बसवून बोलले. एवढे तास हवेत झेपणं कठीण. वाटेतच काही होऊ शकतं.
"आणि इथे आणल्यावर सुधारतील?"
"ताई, ते इथे असते तरी..."
परत येताना ऑटोत जुईने माझा हात सोडला नाही.

१३ फेब्रु.
कंपनीचा निरोप : वाटेत काही झालं तर जबाबदारी घरच्यांची. हो की नाही, तेवढं कळवा.
मामाजी : "आण त्याले. मेला तरी घराकडे येता येता मरन."
जुई ओरडली, "आबा, तिथं बाबा जिवंत तर आहेत ना!"
कोणी जेवलं नाही. दोघांचंही खरं आहे. माझं काय...

१४ फेब्रु.
दळण आणलं. काही नाही.

१६ फेब्रु.
'हो' टाईप केलं. खोडलं. मग 'नाही'. तेही खोडलं.
चोवीस वर्षांच्या संसारात यांना विचारल्याशिवाय पडद्याचं कापडही नाही घेतलं.

१७ फेब्रु.
प्रमोदभाऊंना म्हटलं, यांनाच विचारा. ते दवाखान्यात गेले, फोन चालूच ठेवला. मी इकडे कान लावून. मशीनचा आवाज येत होता, सारखा. मग प्रमोदभाऊ, हळू : "दादा, वैनी विचारून राहिल्या. घरी यायचं का?"
बराच वेळ नुसती मशीन.
"वैनी, पापणी हालल्यासारखी वाटली."
"हो म्हणाले का?"
"मले नाही समजलं, वैनी."
"पुन्हा विचारा," म्हटलं.