दारातले उत्तर

३ नोव्हेंबर, सोमवार
साडेसातच्या जीपने लोहाऱ्याहून उमरग्यास. सौ. पुढे बसली, मी मागे. डॉक्टरांनी तिच्या पोटातले पाणी काढले, पायांची सूज अंगठ्याने दाबून पाहिली. मग मला बाहेर बोलावले. "गुरुजी, यकृत थकलंय. आता वाढू नये एवढंच बघायचं. कमी होईल असं मी म्हणणार नाही." मीठ पूर्ण बंद.
पुष्कळ दिवसांनी कोणाकडून इतके नेमके वाक्य ऐकले.
परतताना सौ.ने विचारले, "काय म्हनले?" मी म्हणालो, "गोळ्या बदलल्या आहेत." तेही खरेच होते.

५ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी तिच्या घोट्याजवळ अंगठा दाबला. खळगा पडला तो वीस आकडे मोजेपर्यंत भरला नाही.
कमल दूध घेऊन आली. दारातूनच : "काकूला उतार हाय का, गुरुजी?"
"नाही."
तिच्या हातातले माप तसेच राहिले. "आसं म्हनू नये. हाय थोडा, म्हनावं."
जे नाही, ते आहे कसे म्हणावे? चाळीस वर्षे वर्गात हेच शिकवले, की शब्द वस्तूला धरून असावा.
सायंकाळी शेजारचे शिंपी रशीदभाई. "भाभीला फरक?" त्यांना सांगितले, की फरक म्हणजे नुसते अंतर, ते कोणत्या बाजूला, हे त्या शब्दात नाही. ते हसले. "तुमी लई कडक बगा, गुरुजी. आमच्यात बी विचारणाऱ्याला आराम है म्हनूनच सांगत्यात. बीमार मानूस आतून ऐकत असतो."
उतार नाही. यापुढे या वहीत केवळ उ. ना. लिहीन.

८ नोव्हेंबर, शनिवार
दुपारी सौ.चा डोळा लागला होता. जुन्या उत्तरपत्रिका आठवल्या. मुले लिहीत : ताप कमी झाला, पूर कमी झाला, वारा कमी झाला. प्रत्येक 'कमी'वर मी तांबडी रेघ ओढत असे. ताप उतरतो. पूर ओसरतो. वारा पडतो. दूध आटते, रंग विटतो, चंद्र घटतो, आवाज बसतो. प्रत्येक वस्तूची उणे होण्याची रीत निराळी. तिला तिचा शब्द द्यावा. सूज उतरते आणि ओसरतेही.
ती जागी झाल्यावर विचारले, "सुजेला तुझ्या माहेरी काय म्हणत?"
"बसली म्हनायचे. आज्जी कानडीत इळीतु म्हनायची, उतरलं म्हनून." मग, "ती बसंना झालीया. नाव कशाला पायजे?"
उ. ना.

१२ नोव्हेंबर, बुधवार
कमलचा तोच प्रश्न. मी म्हणालो, "नाही. उलट सूज गुडघ्यापर्यंत चढली आहे."
आत फुलपात्र पडल्याचा आवाज. सौ. निजलेली आहे अशी माझी समजूत होती.
दुपारी गोळ्या हातावर ठेवल्या. तिने हात उलटा केला, गोळ्या अंथरुणावर. दुधात कुस्करलेली भाकरीही नको.
"उतार न्हाय ना? मग कशाला गिळायच्या?"
उ. ना.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
आजही गोळ्या नाहीत. अन्न नाही.
पुण्याहून शुभाचा फोन. सौ. लेकीशी ठणठणीत आवाजात बोलली : "मला काय धाड भरलीया? जेवले की आत्ताच." फोन ठेवला आणि डोळे मिटले.
मी म्हणालो, "तू जेवली नाहीस."
"व्हय."
मग डोळे मिटूनच सांगितले. तिचे वडील अंथरुणाला खिळले होते, तेव्हा आई रोज दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला 'उतार हाय' म्हणत असे. तीन महिने. "बा आतून ऐकायचा. त्येला बी ठावं हुतं. पर ताटावर बसायचा."
"ते खोटे होते."
"आसंल. तुमी पोरांच्या वह्या तपासल्या जल्मभर. मला तपासू नगा."
लिहिण्यासारखे आणखी होते, परंतु

१७ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी आरशासमोर दाढी करताना दोनदा म्हणून पाहिले : आहे, थोडा आहे. कमल आली. तोंडून निघाले, "बघू."
'बघू' हे उत्तर नव्हे.
सौ.ने चिमूटभर मीठ मागितले. "जिभंला चव न्हाय वं." दिले नाही. पथ्य. ती भिंतीकडे वळली.
उ. ना.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
तिला जीपमध्ये चढता येईना. रशीदभाईंनी दुकानातली खुर्ची आणली. त्यांनी व चालकाने खुर्चीसकट उचलले. सौ. म्हणाली, "लगनात बी आसं कुनी उचललं न्हवतं." सारे हसले. मीही. पाय सुजलेले, आणि हात इतके वाळले आहेत, की बांगड्या कोपरापर्यंत जातात.
या वेळी डॉक्टरांनी पाणी काढले नाही. "घरी न्या. मागतील ते खायला द्या."
"मीठ?"
"मीठही."
पुढे काही विचारले नाही. वाट पूर्वीइतकीच लांब होती, पण लोहारा फार लवकर आला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
शेंगदाण्याची चटणी स्वतः कुटली. मीठ पूर्वीसारखे घातले. तिने बोटाने चाटली आणि माझ्याकडे पाहत राहिली.
"मीठ हाय की."
"हो."
दोन घास खाल्ले. पुढे काही विचारले नाही. 
उ. ना.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
कमल. "उतार हाय का काकूला?"
"आहे," मी म्हणालो. आत जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो. "कालपासून चांगला उतार आहे."
"बगा! म्हनलं न्हवतं का मी?" तिने दूध मापापेक्षा जरा जास्त ओतले.
आत गेलो. सौ. जागी होती.
"काय सांगितलंत तिला?"
"उतार आहे म्हणालो."
 तिने माझ्या हातावर हात ठेवला. "एक्कावन वर्षं झाली. तुमी पयल्यांदा." आणि थोड्या वेळाने, "म्हंजी डागदरनं सांगितलंय तुमाला."
मी दुधाचा पेला जवळ ओढला. 
"द्या ते दूध," ती म्हणाली. "साखर घाला. न्हायतर मीठ घालचाल."
अर्धा पेला प्यायली.
दुपारी रशीदभाई दारात आले. मी तोंड उघडण्यापूर्वीच आतून तिचा आवाज, बारीक, पण स्पष्ट : "हाय म्हना त्येनला. उतार हाय."
मी म्हणालो, "आहे."
रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिले, मान खाली घातली, आणि चपला न घालताच पायरी उतरले. चपला दारातच आहेत.
उद्या सकाळी कमल पुन्हा विचारील. तिला काय सांगायचे, ते ठरले आहे. या वहीत काय लिहावे, ते ठरत नाही.