ओन्नीच्या पावावरचं माझं मार्गरिन

हेल्का,

ओन्नी ठणठणीत आहे, हे आधी वाच. आम्ही दोघं आरोग्य केंद्रात गेलोय.

झालं असं, की न्याहारीला मी त्याला माझ्या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या मार्गरिनच्या, म्हणजे त्या वनस्पती-लोण्याच्या, डब्यावरून आकडे शिकवत होतो. त्याने एका आकड्यावर बोट ठेवलं. "आजोबा, हा पाच! मी तर चार!" पुढचं मी वाचलं: पाच वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. आणि पंधरा दिवस मी त्याच्या राय धान्याच्या काळ्या पावाला तेच फासतोय, तेही जाडसर.

औषधाच्या दुकानात फोन केला. तिथली पिर्को माझीच विद्यार्थिनी. म्हणाली, "गुरुजी, विष नाही हो ते. त्यातले वनस्पतींचे स्टेरॉल कोलेस्टेरॉल अंगात शिरू देत नाहीत. तुम्हाला ते हवंच आहे, वाढत्या पोराला कशाला? गाजरातलं सत्त्वसुद्धा मग थोडं कमी लागतं अंगी. बंद करा, झालं." पण मला चांगलं ते त्याला नको, हे काही मला नीट उमगेना. म्हणून नर्सबाईंना समोरच विचारतो.

साधं लोणी वरच्या कप्प्यात आहे. सामन माशाचं सूप गरम करून घे.

बूट घालताना ओन्नी म्हणाला, "आईने तुला रविवारीच सांगितलं होतं, ते मला द्यायचं नाही म्हणून. तू हो म्हणालास." मला काहीच आठवत नाही. खरंच सांगितलं होतंस का गं? तसं असेल, तर उद्यापासून त्याला माझ्यापाशी ठेवायचं की नाही, ते तूच ठरव.

बाबा