दीडशे नव्हे, तीस अंश

गेल्या गुरुवारी माझ्या जागी काम करणाऱ्या इरासेमा कोता हिने डोंगरावरच्या दुर्बिणीतला, उजेडाच्या कंपाचा कोन मोजणारा आमचा जुना ध्रुवणमापक उघडला आणि त्यातली फिरती चकती पहिल्यापासून उलटी बसवलेली असल्याची खात्री केली. ती चकती मी बसवली होती. हे कळले तेव्हा मी, ओब्दुलिया सेसेन्या, वय बहात्तर, राहणार एन्सेनादा, पूर्ण शुद्धीवर होते, आजही आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. सोमवारी हृदयाची शस्त्रक्रिया असल्याने या मृत्युपत्राची घाई आहे, दडपण कोणाचेही नाही.

कलम १. घर, लिंबाच्या झाडासकट, आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी यादिरा हिला. न्हाणीघरातला नळ गळतो. "आई, कुणाला तरी बोलाव," असे ती दहा वर्षे सांगते आहे. आता तिने बोलवावे.

कलम २. बारीक पेचकस आणि इतर हत्यारे इरासेमाला. चकतीच्या कडेवर बाण कोरलेला असतो. तो पाहताना चष्मा लावावा. मी लावला नव्हता.

कलम ३. मासेमारीचा काळा चष्मा जावई रामिरोला. पाण्यावरून येणारी चमक म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा, ध्रुवित उजेड. हा चष्मा ती अडवतो. दूर अवकाशातल्या गॅमा किरणांच्या स्फोटानंतर मागे उरणारा उजेडही थोडा असाच असतो. त्याचा कोन मोजला की स्फोटातल्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज येतो. तो उजेड लवकर विझतो आणि पुन्हा येत नाही. आपण लिहून ठेवलेला आकडा तेवढा राहतो, म्हणून तो खरा असावा लागतो.

कलम ४. माझे भांडण. एवारिस्तो गामेस हा दुर्बिणीवरचा माझा सहकारी आणि यादिराचा धर्मपिता, त्या नात्याने माझा कोंपाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे. २०१४ मधल्या एका स्फोटाचा कोन आमच्याकडे दीडशे अंश आला. चाळीस मिनिटे आधी दुसऱ्या दुर्बिणीवर तो तीस आला होता. तेवढ्या वेळात चुंबकीय क्षेत्र वळले, असे मी जाहीर केले.

"कोमाद्रे, तीस आणि दीडशे म्हणजे आरशातलं रूप झालं. चकती उलटी तर नाही ना बसली?"

"आरसा तूच बघ, कोंपाद्रे. टक्कल वाढलंय."

"खुणेचा तारा तपासलास?"

"तपासला. नव्वद यायला हवे होते, नव्वदच आले."

खुणेच्या ताऱ्याचा कोन आधीच ठाऊक असतो; पण उलट्या चकतीत कोन एकशेऐंशीतून वजा होऊन येतो, म्हणून तीसचे दीडशे होतात आणि नव्वदचे नव्वदच राहतात, हे त्या दिवशी दोघांच्याही डोक्यात आले नाही. खुणेचा दुसरा तारा पाहायचा आळस मात्र माझा एकटीचा. त्याने निबंधावरून आपले नाव काढून घेतले आणि तेव्हापासून आम्ही अहो-जाहोवर आलो. यादिराच्या वाढदिवसाला तो म्हणतो, "बाई, साल्साची वाटी देता का?" मी म्हणते, "घ्या ना, डॉक्टरसाहेब." सगळे टेबल खाली मान घालून हसते.

कलम ५. एवारिस्तोला काहीही नाही. त्याला साक्षीदार करायचे म्हटल्यावर नोटरी ओसुना म्हणाले, "साक्षीदाराला वाटा देता येत नाही, बाई."

"मला द्यायचंय ती मालमत्ता नाही."

"मग काय आहे?"

"तो बरोबर होता, एवढंच."

ओसुनांनी थोडा विचार केला. "त्याला मुद्रांक लागत नाही," म्हणाले.

कलम ६. त्या निबंधाच्या दुरुस्तीचा मजकूर मी लिहिला आहे आणि त्यावर पहिले नाव एवारिस्तोचे घातले आहे. त्याच्या सहीशिवाय नियतकालिक ते नाव छापणार नाही. त्याने नकार दिला तर दुरुस्ती माझ्या एकटीच्या नावाने जाईल आणि त्याने ओळखलेली चूक मी ओळखली असे होईल. अकरा-बारा वर्षांनंतर नकार देण्याचा हक्क त्याला आहे. तो त्याने वापरू नये, अशी माझी विनंती आहे. विनंतीची मला सवय नाही, हे तो जाणतो.

एन्सेनादा, बुधवार, ४ मार्च २०२६
ओब्दुलिया सेसेन्या मुर्गिया

साक्षीदार पहिली: रेमेदियोस लुसेरो, नोटरींकडे कारकून

साक्षीदार दुसरा: एवारिस्तो गामेस. शुक्रवारी पाच वाजता येतो म्हणाला आहे. कशासाठी ते त्याला ठाऊक नाही. नोटरी हे सारे त्याच्यासमोर मोठ्याने वाचतील. वाचन संपेपर्यंत साक्षीदाराने मध्ये बोलायचे नसते, हे मी आधीच विचारून ठेवले आहे. मग त्याच्यापुढे दोन कागद, हा आणि दुरुस्तीचा, आणि एक पेन ठेवले जाईल.