फुंकर

प्रिय मोनिका,

सलाम.

तुमच्या मिशन ट्रिपमधल्या एका दिवसाचा व्हिडिओ रविवारी उपासनेनंतर चर्चमध्ये पडद्यावर दाखवला. मलावीतल्या एका अंध आजीला तू लापशी भरवत होतीस, प्रत्येक चमच्यावर फुंकर घालून. पाळकसाहेब म्हणाले, "सेवा अशी असते." आई माझ्या शेजारी व्हीलचेअरवर होती. तिनं डाव्या हातानं डोळे पुसले.

लकव्यानं तिचा उजवा हात गेल्यापासून सुपा एमआयडीसीतल्या कारखान्यातली नोकरी सांभाळून मी तिला भरवते, हे तुला माहीत आहे. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "मोनी कशी फुंकर घालून भरवत हुती! तू म्हंजी मशिनीत तेल सोडल्यावानी."

"आई, मी खिचडी निववूनच आणते. फुंकर कशावर घालू?"

"तसं न्हाई गं. माया दिसती त्यात."

नंतर मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. तू कॅमेऱ्याकडे बघतेस का, एवढंच तपासायचं होतं. एकदाही बघत नाहीस. बघितलं असतंस तर मला बरं वाटलं असतं.

आज मी खिचडी मुद्दाम वाफाळती आणली आणि प्रत्येक घासावर फुंकर घातली. आई कौतुकानं बघत राहिली. ताटली रिकामी झाल्यावर म्हणाली, "बघ, मोनीचं बघून शिकलीस का न्हाई!"

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तू तिला फोन करून समजावशील, आणि ती तुझं लगेच ऐकेल.

तुझी ताई,
रिबेका