पाठकोरा अर्ज

मयूर विहार, दिल्ली
२ जानेवारी २०२३

ती. स्व. दादास,
कुमुदचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पाटबंधारे खात्याच्या १९९१ सालच्या परिपत्रकाच्या पाठीवर लिहिलेलं. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी तुझे पाठकोरे कागद काही संपत नाहीत. कानाच्या मशीनमुळे तुला फोनवर नुसती शिट्टी ऐकू येते, हे एका परीनं बरंच झालं. नाहीतर आपण दोघांनी पत्रं कधीच सोडली असती.

आता बातमी. तू विचारली नाहीस, तरी मी सांगणार. तुझी लेक हेमा हरते आहे. तिच्या बास्केटबॉल संघाची सहा सामन्यांत पाचदा हार. मी इथल्या सामन्यांना नेमानं जाते. मंडी हाउसला मेट्रो बदलायची, बाटा चौकाला उतरायचं आणि ई-रिक्षानं हॉल गाठायचा. पर्समध्ये मफलर आणि लिमलेटच्या गोळ्या. तिकीट तपासणारा आता मला माताजी म्हणतो, ते मात्र मला मुळीच आवडत नाही.

तुला ठाऊक आहे, गेल्या वर्षी फरीदाबाद टर्बाइन्सच्या पाचही अनुभवी मुली दुसऱ्या शहरांच्या संघांत गेल्या. कॅप्टन तर लखनौला गेली. शेठजींनी (ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवतात ते, संघ त्यांचाच) हेमाला सांगितलं की नव्या मुली घेऊन संघ उभा करा. आठ संघांत पहिल्या चारांत आलात तर ठीक, नाहीतर मार्चमध्ये नमस्कार. दुसरी कोणी कोच असती तर तिथेच हात जोडून निघाली असती. हेमानं बावीसच्या आतल्या बारा मुली जमवल्या. एक भिवानीची भतेरी. घरातली पाचवी मुलगी, म्हणून आजीनं नाव ठेवलं भतेरी, म्हणजे आता पुरे झाल्या! ती बॉल घेऊन धावायला लागली की समोरच्यांनाही पुरे होतं. दुसरी मीनाक्षी, दिल्ली कँटोन्मेंटमधल्या हवालदार धोंडीराम जगदाळ्यांची मुलगी, मूळची खटाव तालुक्यातली. उंची सहा फूट. मराठी बोलते, पण वाक्य चलो-अच्छानं सुरू होतं आणि बिल्कुलवर संपतं.

हरताहेत खऱ्या, पण दादा, मी सेक्रेटरिएटच्या टीममधून नऊ वर्षं खेळले आहे. मला कळतं. हा संघ उभा राहणार.

हेमाला दोन ओळी लिही. दोन वर्षं झाली. ती काही म्हणत नाही, पण माझ्याकडे आली की तुझ्या पत्रांवरून हात फिरवते.

इकडे थंडी भयंकर आहे. तिकडची ऊब आणि तुझी माया, दोन्ही पाठवत जा.

तुझी,
कुमुद

०

नाशिक
१० जानेवारी २०२३

चि. कुमुदास,
अनेक उ. आ. वि. वि.

पत्र मिळालं. तुझी तब्येत बरी आहे हे वाचून बरं वाटलं. बाकीचा मजकूर मी मागितला नव्हता.

हेमलतेनं केंद्र सरकारची कायम नोकरी सोडून चेंडूमागे धावायचं ठरवलं, तेव्हा मी काय म्हटलं होतं ते तुला आठवत असेल. राजीनामा न देता तिनं दोन वर्षांची बिनपगारी रजा घेतली, तीही मी हट्ट धरला म्हणून. रजा ३१ मार्चला संपते. परत रुजू होण्याचा अर्ज मी तेव्हाच तिच्याकडून सही करून घेतला आहे. तारखेची जागा रिकामी आहे. तो माझ्या कपाटात, घरपट्टीच्या पावत्यांच्या वरच्या कप्प्यात आहे. मला विचारल्याशिवाय नोकरी सोडणार नाही, असा शब्द तिनं दिला आहे. आपल्या घरात शब्द पाळतात. मार्चमध्ये मी अर्ज तुझ्याकडे पाठवीन, तू तो तिच्या हातात दे.

मी वीस वर्षं यशवंत मैदानावर स्कोअरर म्हणून टेबलावर बसलो. ती माझ्या शेजारी स्टुलावर बसून मोठी झाली. चूक माझीच. आता मी ती डावागणिक रंग बदलायची लाल-निळी पेन्सिल उचलत नाही आणि मला त्या खेळाची बातमीही नको.

गुडघ्याला तेल लाव. मेट्रोचे जिने चढू नकोस, लिफ्ट असते.

आशीर्वाद तुला नेहमीचे आहेत, ते कमी होणारे नाहीत.

श्यामकांत

०

मयूर विहार, दिल्ली
१७ जानेवारी २०२३

ती. स्व. दादास,
कुमुदचा शि. सा. न. वि. वि.

बातमी नको म्हणालास, म्हणून ही बातमी नाही, हा कबुलीजबाब आहे. तुझ्याखेरीज कोणापुढे देणार?

परवा संक्रांत. सामना चार वाजता. माझ्या मनात आलं, पोरी घरापासून लांब, सण कोण करणार त्यांचा? पहाटेपासून खपून साठ गुळपोळ्या केल्या. दोन डबे आणि तुपाची बरणी घेऊन एक वाजता हजर झाले. हेमा शेठजींच्या ऑफिसात गेली होती. आधी मुली लाजत होत्या. मीनाक्षीनं घरची आठवण काढून पहिली पोळी उचलली. ती तिला मीठा पराठा म्हणाली, मी तिला गुळपोळी म्हणायला शिकवलं आणि बक्षीस म्हणून आणखी दोन वाढल्या. भिवानीच्या मुलीला तुपाचं काय कौतुक सांगावं! भतेरीनं पाच खाल्ल्या, प्रत्येकीवर वाटीभर तूप. मी आग्रह करत होते. आग्रह केल्याशिवाय वाढलेलं वाढणं आहे का?

दादा, चार वाजता त्या मुलींना पळवेना. भतेरीचा हात पोटावर, मीनाक्षी उडी मारायच्या ऐवजी नुसती टाचा उचलत होती. मी लाजेनं मफलर डोळ्यांवर ओढून बसले. स्कोअर बघितलासुद्धा नाही. एवढं कळलं, की आपण सपाटून हरलो.

सामन्यानंतर हेमा माझ्यासमोर रिकामा डबा धरून उभी राहिली. म्हणाली की आत्या, दुसऱ्या संघानं तुला किती तिळगूळ दिला होता? मग हसली. पण डोळ्यांत पाणी होतं. माझ्यामुळे पोरीची नोकरी, तिचा संघ, सगळं जायचं. सामन्याच्या दिवशी मला खाण्याचं काहीही आणायची बंदी आहे. लिमलेटची गोळीसुद्धा नाही.

बोल, किती बोलायचं ते. मी ऐकून घेईन.

तिळगूळ वेगळ्या पाकिटात पाठवला आहे. तो खा, गोड बोल, आणि माझ्यावरचा राग फार दिवस ठेवू नकोस.

तुझी अपराधी,
कुमुद

०

नाशिक
२४ जानेवारी २०२३

चि. कुमुदास,
अ. उ. आ. वि. वि.

तुला अक्कल नाही. सेक्रेटरिएटच्या टीममधून नऊ वर्षं खेळलेल्या बाईनं सामन्याआधी गुळपोळी वाढावी? पहिल्या दहा मिनिटांत चार विरुद्ध तेवीस! मीनाक्षीचे फ्री थ्रो सातपैकी एक. मी टेबलावर असतो तर तुझ्याच नावावर फाउल लिहिला असता.

पण सगळा दोष गुळपोळीचा नाही. त्या भतेरीला तुझी भाची चाळीसच्या चाळीस मिनिटं खेळवते. सगळ्या सामन्यांत हेच. चौथ्या डावात पोरीचे पाय शिशाचे होतात आणि तिथेच सामना जातो. दुसऱ्या डावाची पहिली चार मिनिटं तिला बाकावर बसवा. तेवढ्या वेळात काही गुण जातील, ते जाऊ द्या. शेवटी दुपटीनं परत येतील. आणि मीनाक्षी फ्री थ्रोच्या वेळी प्रेक्षकांकडे बघते. तिनं फक्त रिंगकडे बघावं.

हे मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

शेजारच्या बळवंतरावांना मोठ्या टीव्हीवर नेटवरून काहीबाही बघायची खोड लागली आहे. मी तिथे पेपर वाचायला जातो, एवढंच. कानावर नाही तरी डोळ्यांवर पडतं.

तिळगूळ मिळाला. गोड आहे, पण तीळ जरा जास्त भाजलेस. आशीर्वाद आहेतच.

श्यामकांत

०

मयूर विहार, दिल्ली
६ मार्च २०२३

ती. स्व. दादास,
कुमुदचा शि. सा. न. वि. वि.

सलग पाच विजय! पेपर वाचता वाचता तुझ्या डोळ्यांवर पडलेच असतील, तरी मी लिहिणार.

तुझा निरोप मी माझा म्हणून दिला. हेमानं वहीत उतरवून घेतला आणि मान वर करून म्हणाली की आत्या, दुसऱ्या डावाची पहिली चार मिनिटं हे तुझं डोकं नाही. मी म्हटलं, का, मी काय नुसत्या पोळ्याच लाटते? तिनं हसून वही मिटली. पण तेव्हापासून भतेरी बरोबर चार मिनिटं बाकावर बसते आणि शेवटी अशी सुटते की हॉल उठून उभा राहतो. मीनाक्षी रिंगकडे बघते. आधी शंभर माणसं यायची. परवा कारखान्यांतल्या बाया शिफ्ट संपवून पोरंबाळं घेऊन आल्या होत्या, बसायला जागा नव्हती. धोंडीराम हवालदारांनी आपल्या युनिटातली माणसं आणली. एका बाजूनं छोरियो, दुसऱ्या बाजूनं पोरींनो, असा दंगा.

शेवटचा सामना रविवारी, १२ तारखेला, लखनौशी. जिंकलो तर चौथे, हरलो तर पाचवे. समोर आपलीच जुनी कॅप्टन.

आता मनातलं सांगते. काल हेमा माझ्याकडे जेवली. म्हणाली की हरलो तर बाबांना अर्ज पाठवायला सांग, मी रुजू होईन. आणि जिंकलो, पुढे बोलावणं आलं, तरी बाबांचा होकार आल्याशिवाय राजीनामा देणार नाही, कारण शब्द दिला आहे. दादा, ती सामन्याला घाबरत नाही रे. तुझ्या पाकिटाला घाबरते. तो अर्ज पाठवू नकोस. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे मागते.

उत्तर येईतो माझा जीव टांगणीला आहे, तेवढी दया ठेव.

तुझी,
कुमुद

०

नाशिक
१४ मार्च २०२३

चि. कुमुदास,
अ. उ. आ. वि. वि.

एका गुणानं. ६८ विरुद्ध ६९. शेवटच्या सेकंदाला भतेरीचा बॉल रिंगवर दोनदा फिरून बाहेर आला. बळवंतराव रडले. माझं विचारू नकोस.

कबूल केल्याप्रमाणे रुजू होण्याचा अर्ज सोबत बंद पाकिटात पाठवतो आहे. न उघडता हेमलतेच्या हातात दे. माझं तिला पत्र असं काही नाही. एवढंच सांग की रविवारी घाईत घरात दुसरा पाठकोरा कागद सापडला नाही.

रागावू नकोस. तुझ्यावरही आशीर्वादाचा हात आहे.

श्यामकांत

०

फरीदाबाद
२२ मार्च २०२३, गुढीपाडवा

ती. रू. बाबांना,
हेमाचा शि. सा. न. वि. वि.

आत्यानं पाकीट दिलं तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती. मला म्हणाली की उघडू नकोस, हरवलं म्हणून सांगू. मी उघडलं.

पुढच्या बाजूला माझा अर्ज, माझी दोन वर्षांपूर्वीची सही, तारखेची रिकामी जागा. मग मी कागद उलटला. पहिला आणि तिसरा डाव लाल, दुसरा आणि चौथा निळा. बाराही मुलींची नावं तुमच्या त्या बारीक उभ्या अक्षरात. दुसऱ्या डावात भतेरीच्या नावापुढे चार मिनिटांची मोकळी जागा, तिच्याखाली बारीक रेघ. शेवटी ६८ आणि ६९, आणि त्याखाली, जिथे स्कोअररची सही असते तिथे, तुमची सही. बाबा, मी बाटा चौकाच्या स्टेशनात बाकावर बसून रडले. सगळे बघत होते.

दुसरा अर्ज मी पाच मिनिटांत लिहू शकले असते. तुम्हालाही ते माहीत आहे. पण असा अर्ज कुठल्याच ऑफिसात देता येत नाही, हेही आपल्या दोघांना माहीत आहे.

आम्ही पाचवे आलो. तरी दुसऱ्या दिवशी शेठजी स्वतः प्रॅक्टिसला आले. म्हणाले की इतका भरलेला हॉल मी फरीदाबादेत पाहिला नव्हता, याच मुली, हीच कोच, आणखी एक वर्ष. एकच वर्ष, पुढची हमी नाही. मी होकार तुमच्या पाकिटासाठी अडवून ठेवला होता. तो परवा दिला. कोणीही मुलगी सोडून जाणार नाही. भतेरी रोज त्याच जागेवरून शंभर बॉल टाकते. पुढच्या वर्षी आम्ही पहिल्या चारांत असू. हे मी देवाच्या भरवशावर नाही, मोजून सांगते आहे.

एक चूक दाखवते. तिसऱ्या डावातला चौथा फाउल तुम्ही मीनाक्षीच्या नावावर लावलाय, तो नऊ नंबरच्या मुलीचा होता. बळवंतकाकांच्या टीव्हीवर नीट दिसलं नसेल. डिसेंबरमध्ये इथे या, टेबलाशेजारी खुर्ची ठेवते. या वेळी स्टुलावर मी बसेन. आत्या गुळपोळ्या करणार आहे, पण सामना संपल्यावर.

आणि घरात दुसरा पाठकोरा कागद सापडला नाही म्हणे! पलंगाखालच्या दोन ट्रंका मी लहानपणापासून पाहते आहे, बाबा.

राजीनामा काल दिला. त्याची नक्कल सोबत पाठवते, तुमच्या कपाटात, त्याच कप्प्यात ठेवा. मागची बाजू कोरी सोडली आहे.

तुमची,
हेमा